सातेनिकबाईंच्या माणसांचे पाणी

मी, विश्वंभर गणेश पांढरीपांडे, वय वर्षे पंचावन्न, धंदा वार्ताहरकी, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाखाली न येता व नशापाणी न करता हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. यातील ‘नशापाणी न करता’ या शब्दांना माझी हरकत आहे व ती आरंभीच नोंदवतो. यवतमाळच्या कचेरीसमोर अर्जनवीस वामनराव यांच्या बाकावर बसून हा मसुदा झाला. त्या वेळी शेजारच्या टपरीतील दोन कप चहा माझ्या पोटात होता. त्या द्रव्याला नशा म्हणावे तर गुण कमी पडतो, पाणी म्हणावे तर चव. टपरीवाल्याकडे मी तीन वर्षांपूर्वी याबद्दल लेखी तक्रार केली होती. त्याने तिच्यात भजी बांधून मलाच दिली. वामनराव म्हणाले, “मास्तर, तक्रार राहू द्या, शब्द राहू द्या. हे शब्द नसले तर उद्या कोणीही कोर्टात उभा राहतो.” म्हणून शब्द ठेवले आहेत. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही हेही त्यांनीच सांगितले. त्यांच्या धंद्यातल्या माणसाने असे सांगितल्यावर त्यांच्या बाकीच्या सल्ल्यावर विश्वास ठेवणे मला भाग आहे.

१. हे आताच का, असे कोणी विचारील. पुढच्या महिन्यात नागपूरला माझ्या हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. मी पंचवीस वर्षे बातम्या पाठवतो आहे. ‘किरकोळ जखमी’ हे शब्द आपण किती बेफिकिरीने लिहितो ते मला ठाऊक आहे. दुसरे कारण आजच्या तारखेचे. ते पुढे येईल.

२. घाटंजीचे माझे घर, म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढचा ओटा आणि मागची विहीर, हे माझा पुतण्या चि. सदाशिव यास द्यावे. तो यवतमाळला सरकारी कचेरीत कारकून आहे, निर्व्यसनी आहे आणि माझा सर्वांत आवडता पुतण्या आहे. दुसरा पुतण्या मला नाही, ही गोष्ट त्याच्या विरुद्ध धरू नये. मात्र विहिरीचे पाणी गावची सुईण इंदूबाई व तिने सांगितलेली माणसे यांना वर्षाचे बारा महिने भरता येईल. याला सदाशिवाने किंवा त्याच्या वारसांनी आडकाठी केल्यास घर शाळेस जाईल.

३. संस्कृत ग्रंथ गावच्या शाळेच्या वाचनालयास; तेथे मी काही काळ शिकवले, म्हणून लोक अजून मला मास्तर म्हणतात. व्याकरणाची पुस्तके सर्वांत वरच्या फळीवर ठेवावीत, म्हणजे ज्याला खरोखर हवी असतील तोच शिडी आणील. ती घोकण्यात माझी बारा वर्षे गेली. त्यातून मला एकच चांगली सवय लागली, ती म्हणजे शब्दाला नीट जागेवर ठेवणे. आणि एक वाईट सवय लागली, तीही तीच.

४. माझी काळी छत्री श्रीकृष्ण मुधोळकर याने सन १९५८ च्या पोळ्याला ‘दहा मिनिटांत आणून देतो’ असे म्हणून नेली. ती त्याच्याकडेच आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असे वामनराव म्हणतात. खरेखोटे कायदा जाणे. म्हणून श्रीकृष्णाला मी मुद्दाम साक्षीदार केले आहे. छत्री त्याच्या हातात राहील, पण त्याची होणार नाही.

५. आता जी मिळकत खरोखर माझी नाही, पण माझ्या हवाली आहे, तिच्याबद्दल.

माझ्या घरात भिंतीतल्या देवळीत हिरव्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात माणसांची नावे आहेत. ती मिशनच्या दवाखान्यातील नर्स सातेनिकबाई यांच्या माणसांची. बाई सन १९३१ पासून सन १९६२ च्या श्रावणात वारल्या तोपर्यंत या गावात होत्या. पंचक्रोशीतली निम्मी तरणी पोरे त्यांच्या हातावर जन्माला आली. लोक त्यांना सिस्टरबाई म्हणत व इंग्रज समजत. त्या इंग्रज नव्हत्या. त्या आर्मेनियन, तुर्कांच्या मुलखातल्या खारपेर्तजवळच्या एका खेड्यातल्या. त्या आठ वर्षांच्या असताना, सन १९१५ च्या उन्हाळ्यात, सरकारचा हुकूम आला आणि त्यांच्या जातीची माणसे गावोगाव संपवण्यात आली. आधी पुरुषांना बोलावून नेले. ते परत आले नाहीत. मग बायका, म्हातारी, पोरे यांना दक्षिणेकडे वाळवंटाच्या वाटेने हाकत नेले. पुष्कळांना कापले. पुष्कळांना कापावेही लागले नाही. ती तहानेने मेली. हे लाखांनी झाले. बाई अलेप्पोच्या अनाथालयात पोचल्या, तेथून बैरूतला, तेथे नर्सिंग शिकल्या आणि एका अमेरिकन मडमेबरोबर वऱ्हाडात आल्या. मराठी त्या रोग्यांकडून शिकल्या. त्यामुळे ती माझ्या मराठीपेक्षा जिवंत होती.

माझी त्यांची ओळख माझ्या आईच्या आजारपणात झाली. सन १९४० ची सर्वपित्री अमावास्या होती. मी ओट्यावर बसून तर्पण करीत होतो. बाई सुई टोचायला आल्या आणि पायरीवर थबकल्या.

“मास्तर, हे काय करून राह्यले? बोटाइनं पाणी कोणाले पाजता?”

“पितरांना.”

“म्हंजे मेलेल्या लोकाइले?”

“हो.”

“त्याइले तहान लागते?”

“शास्त्र तसं म्हणतं, बाई.”

“तुमाले काय वाटते थे सांगा. शास्त्राले मी मंग विचारीन.”

मला काय वाटते हे मला तोवर कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, “लागत असेल.”

“आन् नाव घेऊन देता?”

“नाव, गोत्र, नातं. नाव न घेता दिलं तर पोचत नाही म्हणतात.”

त्या पायरीवर बसल्या. सुईची पेटी मांडीवर होती. आईने आतून दोनदा हाक मारली. मग त्या म्हणाल्या, “माह्या आईले द्या. मरियम तिचं नाव. तिचे ओठ फाटले होते.”

मी गोत्र विचारले. माझ्यासारख्याला त्या क्षणीही गोत्र सुचले, हे येथे लिहून ठेवतो. ज्याचे गोत्र माहीत नाही त्याचे काश्यप धरावे असा प्रघात आहे. म्हणून खारपेर्तची मरियम त्या दिवशी काश्यप गोत्राची झाली व तिला घाटंजीत तीन ओंजळी पाणी मिळाले. बाई हसल्या. “मास्तर, माहा बाप असता तर तुमाले पहिले जेवाले बसवलं असतं, मंग भांडला असता.” बापाचे नाव हागोप. ते दुसरे नाव.

त्यानंतर नावे एकदम आली नाहीत. बावीस वर्षे येत राहिली. कधी बाजारात वांगी निवडताना, “मास्तर, लिहा. गाराबेद. पाव भाजत होता. त्याच्या पाठीवर मी बसत होती.” कधी एखाद्या बाईचे बाळंतपण आटोपून, हात धुताना, “नाझेली. मामाची. दात पडलेले होते पुढचे.” मी कागद खिशात ठेवूनच हिंडत असे. लोकांना वाटे, वार्ताहर आहे, बातमी टिपतो. बातमीच होती. दर वर्षी अमावास्येला यादी लांबत गेली. माझ्या वाडवडिलांना मी पाच मिनिटांत मोकळे करतो. बाईंच्या माणसांना पाऊण तास लागतो. बाई पायरीवर बसून ऐकत. एखादे नाव मी वेदपाठाच्या सुरात म्हटले की तोंडाला पदर लावून हसत आणि मग पदर तसाच राही.

६. लांब दांड्याचे तांब्याचे छोटे भांडे, ज्यात बाई काळी कॉफी उकळीत, हे माझ्याकडे आहे. ते माझ्याबरोबर सरणावर ठेवू नये. वितळून कोणाच्या उपयोगी पडणार नाही. पण विकूही नये.

नागपूरला गेलो की मी इतवारीतून त्यांच्यासाठी जर्दाळू आणीत असे. लहानपणी खेड्यात त्यांच्या अंगणात त्याची झाडे होती. घाटंजीच्या उन्हात बी रुजते का, हे त्यांनी एकवीस वेळा करून पाहिले. बी फोडून आतला गर त्या अर्धा मला देत. सन १९४४ मध्ये, मोटार स्टँडवर, जर्दाळूची पुडी हातात देताना मी त्यांना विचारले की आपण लग्न केले तर काय होईल. प्रश्न मी कर्मणी प्रयोगात विचारला होता. त्या म्हणाल्या, “तुमची माय मरून जाईन, आन् माहं दवाखान्यातलं काम जाईन. बाकी काई नाई होणार.” मग पुडीतला एक तोंडात टाकून, “जर्दाळू गोड हाय यावेळी.” त्यावर आम्ही अठरा वर्षे काढली. मी अजून नागपूरला गेलो की इतवारीत त्या दुकानापुढून जातो. दुकानदार विचारतो, “पंडितजी, पाव किलो?” मी घेतो. घरी दोन डबे भरले आहेत. ते शाळेच्या मुलांना वाटावेत.

७. बातम्यांची कात्रणे जाळावीत. एक लेख मात्र जाळू नये, जो छापलाच गेला नाही. आज त्या संहाराला पन्नास वर्षे होतात. पन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला कॉन्स्टँटिनोपलला त्यांच्या लेखक-वकिलांची धरपकड होऊन आरंभ झाला. मी महिनाभर आधी चार रकाने लिहून नागपूरला पाठवले. उपसंपादकांचे कार्ड आले : ‘मजकूर पन्नास वर्षे शिळा आहे. घाटंजीच्या सरकीचे भाव पाठवावेत.’ भाव पाठवले. त्या उपसंपादकांना माझी लाल शाईची बाटली द्यावी. त्यांची लवकर संपत असणार.

शिळे कसे, ते त्यांना सांगायचे राहिले म्हणून येथे सांगतो. चार वर्षांपूर्वी जेरुसलेमला एका जर्मन अधिकाऱ्यावर खटला चालला होता. यहुद्यांना आगगाड्यांत भरून मारायला पाठवण्याचे काम त्याने मन लावून केले होते. मी बाईंना रोज पेपर वाचून दाखवीत असे. एक दिवस त्या म्हणाल्या, “बस करा मास्तर. मले हे ठाऊक हाय. गाड्या नवीन हाय, बाकी तेच हाय.” मी म्हटले, निदान या वेळी खटला तरी होतो आहे. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी कोणी पुसलं असतं, तर याइच्या वेळी ते इतकं सोपं गेलं असतं का?” मी पेपर घडी करून ठेवला. मारणारा निम्मेच काम करतो. उरलेले निम्मे तो आपल्याकडून करून घेतो, आणि त्यासाठी आपल्याला हातात काही धरावे लागत नाही, नुसते विसरावे लागते. सरकीचे भाव रोज बदलतात म्हणून ते ताजे, आणि हे बदलत नाही म्हणून शिळे, असा हिशेब असेल तर मला त्या धंद्यात पंचवीस वर्षे झाली याचे वाईट वाटते.

८. आता वही कोणाला. माझ्या मागे ही नावे कोण घेणार, एवढ्यासाठीच हा सगळा कागद आहे. छत्री वगैरे तोंडी लावायला.

रीतीप्रमाणे ती सदाशिवाकडे जायला हवी. गेल्या भाद्रपदात त्याला मी शेजारी बसवले. तो नीट बसला, नीट आचमन केले. मधेच म्हणाला, “काका, ही आपली कोण?”

“कोणी नाहीत.”

“मग आपण का?”

“त्यांचं कोणी उरलं नाही म्हणून.”

“तसं पाहिलं तर जगात पुष्कळांचं कोणी उरत नाही, काका. सगळ्यांचं धरून एकदाच पाणी सोडायची सोय आहे ना शास्त्रात?”

आहे. त्याला माहीत होती, याचा मला अभिमान वाटला आणि रागही आला. मी म्हटले, ‘सगळ्यांचं धरून’ त्यांना मारले होते, सदाशिवा. पाणी तरी एकेकाला दे. उरलेली नावे त्याने मन लावून म्हटली. पण घड्याळाकडे त्याचा डोळा गेला तो मी पाहिला. तो वाईट नाही. त्याची बस होती.

मिशनच्या पाद्रीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, प्रार्थनेत सर्व जण येतातच. येथेही तीच सोय.

मग मी इंदूबाईला विचारले. ती दवाखान्यात आधी झाडलोट करायची; सातेनिकबाईंनी तिला हाताशी धरून सुईणीचे काम शिकवले. आज बाईंच्या जागी गावाला तीच आहे. शेवटच्या दुखण्यात बाईंना पाणी तिने पाजले. मी वही तिच्या पुढे ठेवली आणि तर्पण शिकवतो म्हटले.

“मास्तर, तुमी इतके शिकलेले, आन् इसरले? मी छप्पन साली नागपूरले गेलती. बावीस प्रतिज्ञा घेतल्या मी. श्राद्ध करणार नाई, पिंड देणार नाई. आन् तुमी मले दर्भ देऊन राह्यले?”

मी खरेच विसरलो होतो. पंचवीस वर्षे ज्या दुसऱ्यांच्या गोष्टी लक्षात ठेवण्याबद्दल मी स्वतःला शाबासकी देतो, त्यातली एकही या बाईची नव्हती. मी वही उचलायला लागलो. तिने हात ठेवला.

“राहू द्या. सिस्टरबाईचे मानसं हायेत ते. तिनं मले माणसात आणलं. हे नावं कायले म्हणता तुमी भादव्यात? भादव्यात कोणाले तहान लागते? विहिरी भरल्या राह्यते. ते लोक उन्हात मेले ना?”

“हो.”

“मंग उन्हाळ्यात पाणी द्या. अन् मेलेल्याइले कायले, जित्याइले द्या. मोटार स्टँडवर रांजण मांडते मी. हरेक गिलासाले एक नाव घेते. जो पेईन त्याले सांगीन, हे मरियमचं पाणी हाय, हे हागोपचं.”

मी म्हटले, “लोक विचारतील, हागोप कोण.”

“इचारतीलच. इचारलं की सांगावं लागते. तुमचं तर्पण कोणी इचारत नाई, म्हणून ते ओट्यावरच राह्यलं.”

मी शास्त्राधार शोधू लागलो. ती म्हणाली, “अन् मास्तर, पाणी न मिळणं काय राह्यते ते आमाले नका शिकवू. तुमच्याच इहिरीवर माही माय घागर घेऊन उभी राहत होती. कोणी वरून टाकीन तेव्हा.” आवाज चढवला नाही तिने. कलम २ मधील विहिरीची अट त्या दिवशीची आहे. ती पंचवीस वर्षे आधी व्हायला हवी होती.

तरी हिरवी वही श्रीमती इंदूबाई नागोराव यांस द्यावी. पोस्टातील शिल्लक दोन रांजण, पितळी गडवे व सावलीसाठी तट्टे यांवर खर्च करावी. तर्पणाचा आग्रह कोणी धरू नये. आज सकाळी पहिला रांजण लागला. मी उभा राहून पाहिले. राजूरच्या कोळसा खाणीकडे चाललेला एक मजूर दोन गडवे प्याला, तिसरा डोक्यावर ओतला. इंदूबाईने तिन्हींना नावे घेतली. तिसऱ्याला ती म्हणाली, “हे नाझेलीचं. वाया नको घालवू.” तो ओशाळला आणि राहिलेले पाणी प्याला. मला पंचवीस वर्षांत एकही पितर समोर पाणी पिताना दिसला नव्हता.

९. सदाशिवाने याबद्दल मनात किंतु ठेवू नये. त्याला वाटल्यास त्याने येऊन रांजण भरावा. इंदूबाई शिकवील.

१०. व्यवस्थापक म्हणून मी वामनरावांना नेमतो. त्यांनी चहा स्वतःच्या घरचा प्यावा.

११. हे शेवटचे कलम मसुद्यात नव्हते. वामनरावांनी पाहिलेले नाही. इंदूबाईलाही सांगितलेले नाही. आज सकाळी सांगणार होतो, रांजणापाशी गर्दी होती, असे मी स्वतःला सांगतो.

हिरवी वही मूळची नव्हे. मूळ वहीला वाळवी लागली म्हणून बाई गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी तीवरून ही उतरवली. उतरवताना नावे शास्त्राप्रमाणे लावली : पितृकुल, मातृकुल, मग सोयरे, गुरू, स्नेही. सगळी बसली. एक बसेना. ते बाईंनी अगदी शेवटच्या आठवड्यात दिले होते. एक मुलगी. कोणत्या गावची, बाईंना माहीत नव्हते. वाटेत तीन दिवस शेजारून चालली. तिच्याजवळ डबीत थोडे पाणी होते, त्यातले तिने बाईंना दिले. चौथ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. बाई म्हणाल्या, “तिचं पहिले घ्या. आईच्याही पहिले.” नाते नाही, कूळ नाही, आणि मातापितरांच्या आधी जागा, हे कोठल्याच क्रमात बसत नव्हते. मी ते नाव एका चिठ्ठीवर वेगळे लिहून पंचांगात ठेवले. कारंज्याच्या शास्त्रीबुवांना पत्र घालून योग्य स्थान विचारणार होतो. पत्र घातले नाही. जुनी वही झाली की आपण ती नदीत सोडतो, रद्दीत देत नाही. पाडव्याला मी ती सोडली. वर्ष संपलेले पंचांगही तिच्याबरोबर सोडले. चिठ्ठी आत होती.

त्या आधी एकदाच मी ते नाव मोठ्याने म्हटले होते, वहीत पाहून. आता आठवत नाही. मी इतवारीत चालताना प्रयत्न करतो, रात्री करतो. पहिले अक्षर ‘न’ असावे असे वाटते, मग वाटते ‘म’ असावे. विचारायला बाई नाहीत. त्या मुलीला ओळखणारे जगात एकच माणूस होते आणि त्याने ती माझ्या हवाली केली होती. शस्त्रक्रियेची मला भीती वाटत नाही. ते नाव माझ्याकडून गेले, आणि ते आता कोणाकडेच नाही, एवढीच काळजी आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला व खालील दोघांच्या समक्ष सही केली.

(सही) विश्वंभर गणेश पांढरीपांडे

साक्षीदार :
१. श्रीकृष्ण बळवंत मुधोळकर, घाटंजी
२. पंजाबराव उकंडा ठाकरे, शिक्षक, घाटंजी

मुक्काम घाटंजी, जिल्हा यवतमाळ
शनिवार, दिनांक २४ एप्रिल १९६५